एकच प्रत : झटपट छायाचित्रे आणि आपला जुना कॅमेरा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गुरुग्राम येथे भरविलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या प्रसंगी प्रदर्शन समितीच्या वतीने केलेले भाषण)



प्रदर्शन पाहून झाल्यावर भाषण ऐकावयाचे म्हणजे जेवण आटोपल्यावर पुन्हा पानावर बसावयाचे, हे आम्ही जाणतो. तथापि या प्रदर्शनातील एका कोपऱ्याविषयी आपणांशी चार शब्द बोलल्यावाचून आमचे काम पुरे होणार नाही, असे समितीला वाटले. दाराजवळच्या छोट्या टेबलावर पांढऱ्या जाड किनारीची काही चौकोनी चित्रे मांडली आहेत आणि त्यांच्याशेजारी एक काळा, चौकोनी, काहीसा बोजड कॅमेरा ठेवला आहे. अनेकांनी त्या चित्रांपाशी थांबून ‘ही इतकी पिवळी का पडली?’ असे विचारले. मुलांनी मात्र कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ‘हा अजून चालतो का?’ असे विचारले. या दोन प्रश्नांची उत्तरे देणे हाच या भाषणाचा हेतू आहे.

हा कॅमेरा आपल्या एका सभासदांच्या बंधूंनी १९८४ साली अमेरिकेहून आणला. चित्र टिपताच ते कॅमेऱ्याच्या तोंडातून बाहेर पडावे आणि पाहता पाहता त्यावर माणसे उमटावीत, हा चमत्कार त्या वर्षी आपल्या मंडळात प्रथम घडला. त्या काळी छायाचित्र म्हणजे किती सायासाचे काम होते, हे ज्येष्ठांना सांगावयास नको. दिवाळीला घातलेले रीळ गुढीपाडव्याला संपावयाचे, मग ते धुवावयास द्यावयाचे, आणि आठवड्याने पाकीट हाती आले की छत्तीसांतील दहा चित्रांत कोणाचे तरी डोके कापले गेल्याचे कळावयाचे. साधी कृष्णधवल फिल्म आपल्या देशात उटकमंडच्या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ या नावाने तयार होत असे. झटपट चित्राची फिल्म मात्र आम्हांला परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतूनच मिळे. कोणाचा भाऊ किंवा मेहुणा येणार असे कळले की चॉकलेटांच्या आधी ‘फिल्मची दोन पाकिटे’ असा निरोप जाई. पाकिटात चित्रे दहा. त्यामुळे कोणाचे चित्र काढावयाचे, यावर कार्यकारिणीत चर्चा होत असे, आणि ती चर्चा नेहमीच गोडीगुलाबीची असे, असेही नाही.

झटपट छायाचित्राची कल्पना आपल्याकडे अगदी नवी होती, असे मात्र समजू नये. कॅमेऱ्याचे आणि मराठी माणसाचे नाते जुने आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या काळातील नामांकित छायाचित्रकारांपैकी होते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. पण सामान्य माणसाला तात्काळ चित्र मिळाले ते रस्त्यावरच्या पेटीच्या कॅमेऱ्यातून. जयपूरला हवामहालापाशी ज्यांनी असा कॅमेरा पाहिला असेल, त्यांना त्याची रचना आठवेल. तिपाईवर लाकडी पेटी, पुढे भिंग, मागे काळ्या कापडाची बाही. त्या बाहीतून हात घालून छायाचित्रकार पेटीच्या आतच कागदावर चित्र धुवी. प्रथम उलटे चित्र, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे, तयार होई. ते भिंगापुढे धरून त्याचे पुन्हा चित्र घेतले की सुलटे चित्र मिळे. मग बादलीतल्या पाण्यात बुडवून ते ओलेच गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाचे. अख्खी अंधारी खोली त्या माणसाच्या पेटीत सामावलेली असे.

हीच अंधारी खोली पेटीतून काढून चित्राच्या पोटातच घालण्याचे काम एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने केले. त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १९४३ साली सांता फे येथे सुट्टीत फिरत असताना त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले की, आत्ता काढलेले चित्र आत्ताच का दिसत नाही? मुलांच्या असल्या प्रश्नांना आपण बहुधा ‘मोठी झालीस की कळेल’ असे उत्तर देतो. लँडने उत्तर शोधण्यास प्रारंभ केला. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने विद्वानांच्या सभेपुढे आपल्या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले, आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात ‘पोलरॉइड’ कंपनीचा पहिला कॅमेरा विक्रीस आला. आरंभीची चित्रे तपकिरी रंगाची असत. पुढे कृष्णधवल, आणि १९६३ साली रंगीत फिल्म आली. या फिल्मला दोन कागद असत. ठरावीक वेळ थांबून ते एकमेकांपासून सोलून काढावे लागत, आणि मागे चिकट कचरा उरे.

१९७२ साली आलेल्या ‘एसएक्स-७०’ या घडीच्या कॅमेऱ्याने तोही व्याप संपविला. आपल्या टेबलावरची चित्रे याच पद्धतीची आहेत. वरवर एकच जाड कागद दिसणाऱ्या या चित्रात अनेक पातळ थर असतात. निळा, हिरवा आणि तांबडा प्रकाश ओळखणारे तीन थर, आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याचे रंगद्रव्य. खालची पांढरी किनार रुंद का असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तेथे रसायनाची एक लहानशी पुडी दडलेली असते. चित्र कॅमेऱ्याबाहेर पडताना दोन पोलादी रुळांमधून जाते. रूळ ती पुडी फोडतात आणि आतली लापशी चित्रभर सारखी पसरवितात. त्या लापशीत तीव्र अल्क असते, चित्राची पांढरी पार्श्वभूमी होणारे द्रव्य असते, आणि उजेडापासून तात्पुरता पडदा धरणारे आणखी एक द्रव्य असते. खालचे रंग त्यातून हळूहळू वर येतात, पडदा विरळ होतो आणि माणसे दिसू लागतात. सारांश, आपण ज्याला जादू म्हणत होतो ती एका कागदाच्या पोटात बंद केलेली प्रयोगशाळा होती.

या रचनेतच तिचा मोठा गुण आहे आणि मोठा दोषही. गुण हा की चित्र तेथेच मिळते. दोष हा की ते एकच असते. मागे निगेटिव्ह राहत नाही. हरवले तर हरवले, आणि विटले तर विटले.

मंडळाच्या दृष्टीने या दोषाचा अर्थ काय झाला, तो आता सांगतो. १९८५ सालच्या गणेशोत्सवाची मूर्ती पुण्याहून झेलम एक्सप्रेसने आली. सारे मंडळ ज्यांना नुसते ‘काकू’ म्हणत असे, त्यांनी ती संपूर्ण प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. स्टेशनावरून घरी आल्यावर, हातातली मूर्ती पाटावर ठेवण्यापूर्वी, त्यांचे चित्र या कॅमेऱ्याने काढले गेले. काकूंचे आणि मूर्तीचे एकत्र असे तेवढेच एक चित्र आहे. आम्ही त्याचा मान म्हणून ते काचेच्या चौकटीत बसविले आणि मंडळाच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीसमोर लावले. बारा वर्षे रोजचे ऊन त्यावर पडत होते. आज आपण ते पाहिलेत. लुगड्याचा काठ दिसतो, मूर्तीचा मुकुट दिसतो, पण काकूंच्या चेहऱ्याच्या जागी फिकट पिवळा डाग उरला आहे. ज्यांनी काकूंना पाहिले नाही, त्यांना त्या कशा दिसत, हे या चित्रावरून आता सांगता यावयाचे नाही. हा अपराध कोणा परक्याचा नव्हे, आमचाच आहे. ‘फोटो आहे ना भिंतीवर’ या समाधानात आम्ही राहिलो.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. चित्र हाती येताच त्याच रात्री ते पाकिटात घालून गावी धाडण्याची आपली चाल होती. ट्रंक कॉलवर तीन मिनिटांत काय बोलावयाचे? त्यापेक्षा नातवाचे चित्र मिरजेला गेलेले बरे, असे प्रत्येकाला वाटे, आणि ते योग्यच होते. परिणाम असा की आमच्या अंदाजाने मंडळाची बहुतेक झटपट चित्रे मंडळापाशी नाहीतच. ती मिरजेच्या, बार्शीच्या, अकोल्याच्या घरांत, देवघराच्या फडताळात किंवा पोथीच्या पानांत असावीत. प्रदर्शनातील रिकाम्या चौकटी आम्ही मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत.

आता या फिल्मच्या उतरत्या काळाकडे वळू. यंत्र मोडले म्हणून निकामी होते, असा आपला समज असतो. परंतु यंत्र धडधाकट असूनही त्याचे खाद्य बंद झाले की तेही मरते, याचा पहिला मोठा धडा १९८६ साली मिळाला. कोडॅक कंपनीने १९७६ साली स्वतःचे झटपट कॅमेरे बाजारात आणले होते. पोलरॉइडने पेटंटभंगाचा दावा केला, न्यायालयाचा निर्णय १९८५ साली कोडॅकच्या विरुद्ध गेला, आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला हा व्यवसाय बंद करावा लागला. १९९१ साली सुमारे साडेब्याण्णव कोटी डॉलर भरपाई देऊन ते प्रकरण मिटले. पण तोवर विकलेल्या दीड कोटींहून अधिक कॅमेऱ्यांना फिल्म उरली नव्हती. भिंग उत्तम, झडप उत्तम, आणि कॅमेरा मात्र मुलांचे खेळणे!

पुढे विजेत्यावरही तीच वेळ आली. तासाभरात रंगीत चित्रे धुऊन देणारी दुकाने गावोगाव निघाली, तेव्हा ‘झटपट’ या शब्दाचे अर्धे मोल गेले. डिजिटल कॅमेऱ्याने उरलेले अर्धे नेले. पोलरॉइड कंपनीने ऑक्टोबर २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये झटपट फिल्मचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. लँड १९९१ सालीच निवर्तला होता. आपल्या हयातीत उभे केलेले हे काम आटोपताना पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

येथे गोष्ट संपावयाची, पण संपली नाही. नेदरलँड्समधील एन्स्खेडे या गावी पोलरॉइडचा फिल्मचा कारखाना होता. तो बंद होत असताना तेथील एक अनुभवी अधिकारी आंद्रे बोस्मान, आणि फिल्मचा चाहता असलेला व्हिएन्नाचा फ्लोरियन काप्स यांनी एकत्र येऊन यंत्रसामग्री भंगारात जाण्यापूर्वी विकत घेतली. उपक्रमाचे नाव ठेवले ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’, म्हणजे अशक्य प्रकल्प. नाव यथार्थ होते. यंत्रे होती, माणसे होती, पण कित्येक रसायने आता कोणी बनवीतच नव्हते. जुना पदार्थ नव्या जिनसांतून पुन्हा रांधावयाचा, असा तो प्रकार होता. मार्च २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली. ती लहरी होती. बाहेर येताच उजेडापासून लपवावी लागे आणि रंगांचा भरवसा नसे. तरीही लोकांनी ती घेतली, कारण त्यांच्या घरांत जुने कॅमेरे होते. दरवर्षी थोडी थोडी सुधारणा होत गेली. २०१७ साली या उपक्रमाने ‘पोलरॉइड ओरिजिनल्स’ हे नाव घेतले आणि २०२० साली नुसते ‘पोलरॉइड’. म्हणजे मूळ घराणे बुडाले आणि दत्तकाने नाव चालविले.

जपानच्या फुजी कंपनीचीही नोंद घेतली पाहिजे. तिचे १९९८ साली निघालेले ‘इन्स्टॅक्स’ हे लहान झटपट कॅमेरे आज लग्नसमारंभांत तरुण मुलामुलींच्या हाती दिसतात आणि त्यांची फिल्म सहज मिळते. पण त्याच कंपनीने सोलून काढावयाच्या जुन्या फिल्मचा शेवटचा प्रकार २०१६ साली बंद केला. यास्तव ‘झटपट फिल्म संपली का?’ या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. आपल्या घरातील कॅमेरा कोणत्या पिढीचा आहे, यावर ते अवलंबून आहे. १९४८ पासूनच्या रिळांच्या कॅमेऱ्यांची फिल्म १९९२ साली बंद झाली. सोलण्याच्या फिल्मचे कॅमेरे आता जवळजवळ पोरके झाले आहेत. ‘एसएक्स-७०’ आणि १९८० च्या दशकातील ‘६००’ या जातीच्या कॅमेऱ्यांना मात्र आजही नवी फिल्म मिळते. आपला कॅमेरा ‘६००’ जातीचा आहे, हे आपले भाग्य.

तो पुन्हा चालता कसा झाला, हे येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर असे कॅमेरे पडून आहेत. आमचाही माळ्यावरच होता, पंचवीस वर्षांहून अधिक काळ. एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तेव्हा ‘यात बॅटरी घालावयाला जागाच नाही, हा मेला आहे’ असे सांगून तो परत करण्यात आला. वास्तविक या कॅमेऱ्याची बॅटरी कॅमेऱ्यात नसतेच, ती फिल्मच्या पाकिटात असते. प्रत्येक पाकिटाबरोबर नवी चपटी बॅटरी येते. त्यामुळे पाकीट घातल्याशिवाय असा कॅमेरा जिवंत की मृत, हे ठरविताच येत नाही. आजकाल बॅटरी नसलेली ‘आय-टाइप’ नावाची स्वस्त फिल्मही निघाली आहे. ती नव्या कॅमेऱ्यांसाठी आहे, जुन्यात चालत नाही. घेताना पाकिटावरचे नाव नीट वाचावे. तसेच ‘६००’ ची फिल्म ‘एसएक्स-७०’ मध्ये घालू नये. ती सुमारे चौपट तीव्र असल्याने चित्र पांढरेफटक पडते.

आम्ही प्रथम फिल्मचे दार उघडून रूळ पाहिले. त्यांवर १९९० च्या दशकातील रसायन वाळून दगड झाले होते. ओलसर सुती फडक्याने, रूळ बोटाने हळूहळू फिरवीत, ते पुसून काढले आणि पूर्ण वाळू दिले. अणकुचीदार वस्तूने खरवडले असते तर रुळावर ओरखडा उठला असता आणि पुढच्या प्रत्येक चित्रावर ठरावीक अंतराने डाग पडला असता. भिंग मऊ कापडाने पुसले. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. मग नवे पाकीट घातले. यंत्राने घरघर केली आणि वरचा काळा पुठ्ठा बाहेर फेकला. त्या पुठ्ठ्यासाठी समितीतील पाच प्रौढ माणसांनी टाळ्या वाजविल्या, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी. पुठ्ठा बाहेर आला म्हणजे मोटर आणि रूळ शाबूत आहेत.

पहिली चित्रे मात्र वाया गेली, आणि तो दोष कॅमेऱ्याचा नव्हता. महिना मे होता. ही फिल्म साधारण १३ ते २८ अंश तापमानात नीट उमटते. गुरुग्रामचा मे चाळिशीच्या वर जातो. चित्रे तांबूस-पिवळी, जणू हळदीत बुचकळलेली निघाली. जानेवारीच्या थंडीत उलट ती निळसर होतात. बाहेर आलेले चित्र थंडीत अंगावरच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे आणि उन्हाळ्यात थंड खोलीत न्यावे, हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. एका पाकिटात आता आठच चित्रे येतात आणि पाकिटाची किंमत हजारांत आहे. न उघडलेली पाकिटे शीतकपाटात ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कदापि नव्हे. वापरण्यापूर्वी तासभर आधी बाहेर काढावी. सध्या ती आमच्यापैकी एकाच्या घरी लोणच्याच्या बरणीशेजारी असून, गृहिणीची त्याबद्दल तक्रार आहे. बाहेर पडलेले चित्र हलवून वाळविण्याची पूर्वीची सवयही सोडावी. त्याने लाभ काहीच नाही. ते उलटे घालून, उजेडापासून झाकून पंधरा मिनिटे स्वस्थ ठेवावे.

कॅमेरा चालू झाल्यावर समितीत मतभेद झाला. आपल्या गुरुग्राममध्येच, डीएलएफच्या चौथ्या भागात, २०१९ पासून ‘म्युझिओ कॅमेरा’ हे छायाचित्रकलेचे संग्रहालय आहे. छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी अनेक वर्षे जमविलेल्या कॅमेऱ्यांतून ते उभे राहिले. एकोणिसाव्या शतकापासूनची यंत्रे तेथे पाहावयास मिळतात. काही सभासदांचे म्हणणे पडले की आपला कॅमेराही अशाच एखाद्या काचेच्या कपाटात असावा, तेथे तो सुरक्षित राहील. इतरांचे म्हणणे असे की न फिरणारे रूळ अडकतात, आणि न वापरलेले यंत्र टिकत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. अखेर असे ठरले की फिल्म तयार होते आहे तोवर कॅमेरा वापरात ठेवावयाचा. ज्या दिवशी फिल्म बंद होईल, त्या दिवशी त्याने कपाटात जावे.

आदित्य आर्य यांच्याच संदर्भात आणखी एका माणसाची आठवण सांगणे अगत्याचे आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळाची छायाचित्रे टिपणारे दिल्लीचे कुलवंत रॉय १९८४ साली वारले. त्यांच्या निगेटिव्ह व चित्रांच्या पेट्या आर्य यांच्याकडे आल्या. त्या बराच काळ बंद होत्या, आणि उघडल्या तेव्हा आत इतिहास निघाला. पण रॉय यांच्या आयुष्यात एक मोठी हानीही झाली होती. जगप्रवासात काढलेल्या चित्रांची पार्सले ते टपालाने भारतात पाठवीत राहिले, आणि परत आले तेव्हा ती पोहोचलेलीच नव्हती. ती शोधण्यासाठी ते कचऱ्याचे ढीगही धुंडाळीत असत, असे सांगतात. एवढ्या मोठ्या छायाचित्रकाराची ही गत, तर आपल्या एकुलत्या एक चित्राला कोण विचारतो?

गेल्या गणेशोत्सवात या कॅमेऱ्याने पहिले चांगले चित्र काढले. काकूंची नात आपल्या चार महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती. तिला मूर्तीपाशी उभे केले. चित्र बाहेर पडले, आणि वातानुकूलित सभागृहात टेबलावर रुमालाखाली ठेवले. एरवी भ्रमणध्वनीत शेकडो चित्रे क्षणात पाहणारी मुले त्या रुमालाभोवती पंधरा मिनिटे उभी राहिली. रुमाल काढला तेव्हा बाळ डोळे मिटून जांभई देत होते. नात म्हणाली, “हा मला द्या. आजीचा तो आमच्याकडे नव्हता.” आम्ही क्षणभर गप्प झालो. चित्र दिले तर मंडळापाशी पुन्हा काहीच उरत नव्हते, आणि न दिले तर ज्याचे चित्र त्यालाच ते मिळत नव्हते. शेवटी त्याच संध्याकाळी चित्राची स्कॅनरवर नक्कल घेतली आणि मूळ तिच्या हाती दिले. तेव्हापासून मंडळाचा नियम झाला आहे : मूळ ज्याचे त्याला, नक्कल मंडळाला, आणि नक्कल त्याच दिवशी.

आता आपणांकडे आमच्या चार मागण्या आहेत. आपल्या घरी किंवा गावी अशी पांढऱ्या किनारीची चित्रे असतील तर ती शोधावीत आणि लवकर स्कॅन करून घ्यावीत. ती उन्हात वा भिंतीवर लावू नयेत. अंधाऱ्या, कोरड्या, थंड जागी ठेवावीत, आणि भिंतीवर लावावयाची ती नक्कल. चित्राची किनार कातरू नये, थर उकलू नयेत, चिकट पानांच्या अल्बममध्ये ती दाबून बसवू नयेत. आतील रसायन हातालाही चांगले नाही. आणि चित्रात कोण कोण आहे, कोणते वर्ष, कोणते ठिकाण, हे वेगळ्या कागदावर आजच लिहून चित्राबरोबर ठेवावे. नावे सांगणारी माणसे चित्रांच्या आधी जातात, हा आमचा या प्रदर्शनातील सर्वांत दुःखद अनुभव आहे. आजच्या बावीस चित्रांतील नऊ चेहऱ्यांखाली आम्हांला नाव घालता आले नाही. ते चेहरे कोणी ओळखले तर कृपया टेबलावरच्या वहीत लिहावे.

काकूंचे एखादे दुसरे चित्र कोणाच्या गावच्या घरी असेल, तर त्याची नक्कल आम्हांला अवश्य पाठवावी. त्यांची चौकट आम्ही खिडकीसमोरून काढली आहे आणि तिच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवली आहे.

सभागृहातून निघताना दाराशी सर्वांचे एक समूहचित्र काढावयाचे आहे. पाकिटात अखेरचे एकच चित्र शिल्लक आहे, तेव्हा कृपया कोणी डोळे मिटू नयेत.